आबांचा एकच शब्द

गोजरबाईने बशी ओठांना लावली आणि आबा म्हणाले,

"सटवे."

"गरम हाय व्हय?" म्हणत तिने चहावर फुंकर घातली.

दिवाळीनंतर छगनआबांना झटका आला. त्यात उजवा हात गेला, आणि सगळी वाचा गेली. उरला हा एक शब्द. पाणी हवं तरी तोच, पंखा लाव म्हणायलाही तोच. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, तर त्यांनाही तोच ऐकावा लागला. गोजरबाईचं मात्र कुठे अडत नव्हतं. लांबवला की पाणी, तोडला की कूस बदल. लग्नाला उभा जन्म लोटला, पण आबांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. चारचौघांत 'ऐकलं का', आणि घरात कोणी नसलं की हे. तिच्या लेखी तेच तिचं नाव होतं.

पंचाईत निराळीच होती. रविवारी बेलापूरचे पाहुणे नातीला, दिशाला, बघायला येणार होते. त्यांचा लेक सुनील म्हणाला, आबांना आतल्या खोलीत ठेवू, मुलाच्या आईला तोच शब्द बोलले तर सोयरीक उंबऱ्यातच मोडायची. दिशा बापाला म्हणाली, आबा ओसरीवर नसतील तर पोहे तुम्हीच घेऊन जा बाहेर.

"कोंडायचं न्हाई त्यान्ला," गोजरबाई म्हणाली. "मी शिकवते."

मग उठता-बसता ती नवऱ्यासमोर हात जोडून 'राम राम' म्हणू लागली. आबा टक लावून बघायचे आणि ठरलेलं उत्तर द्यायचे. सून अश्विनी हसून म्हणायची, आत्याबाई, तुमीच पावन्या झालात की. शेवटी एकदा 'रा' फुटला. शनिवारी संध्याकाळी सगळा राम राम आला.

रविवारी मुलाची आई ओसरीवर चढली, तेव्हा सुनील खांबाला धरून उभा होता. आबांनी डावा हात कपाळाशी नेला.

"राम राम."

घर वळणाचं आहे, असं बाई दोनदा म्हणाल्या. पोहे संपायच्या आत बोलणं जमलं.

पाहुण्यांची जीप गेली. गोजरबाईने आबांना पाणी दिलं.

"राम राम," आबा म्हणाले.

तिला हसू आलं. तिने पंखा लावला. राम राम. कूस बदलून दिली, तरी हात कपाळाशी. अगदी बेलापूरच्या बाईंना केला तस्सा.

"मी पावनी हाय व्हय?" तिने विचारलं.

ती स्वयंपाकघरात गेली, चहा गाळून घेतला. साखर राहिली, असं अश्विनी मागून म्हणाली. राहू दे, म्हणत ती बाहेर आली आणि पायाने दार लोटून घेतलं.

आबांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं, भुवया जुळल्या. डोळे तिच्यावर रोखले गेले आणि ओठ काहीतरी चाचपू लागले.

"स..."

गोजरबाई बशी तशीच धरून पुढे वाकली.

"म्हना," ती हळूच म्हणाली. "कुनी न्हाई हितं."