दहावं फडकं

ट्रकखाली तेल ठिबकायला लागून तीन आठवडे झाले होते. रोज सकाळी मी खालचा पत्र्याचा डबा रिकामा करायची आणि हे रोज म्हणायचे, "म्हातारी आहे, गळणारच." बावीस वर्षांच्या त्या गाडीला हे म्हातारीच म्हणत.

दोन दिवसांनी विटा भरून घाट उतरायचा होता, म्हणून दोघे भाऊ सकाळीच कामाला लागले. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. ते गंजलं होतं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, गंज खरवडायला पेचकस टेकवला आणि तो सरळ आत गेला.

"दाबू नकोस रे."

"दाबलाच नाही दादा. पत्रा कुठे उरलाय? नुसत्या रंगावर उभं आहे हे."

मी फडकी घेऊन शेजारीच उभी होते. कामाआधी दहा मोजून द्यायची आणि काम संपलं की दहा मोजून परत घ्यायची, ही माझी पद्धत. बोलायचं मात्र काही नाही, कारण उठल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. भाऊजी म्हणत, "वहिनी अर्धा दिवस गप्प असतात, म्हणून दादाचा संसार टिकला. उरलेला अर्धा दिवस दादा गाडीवर."

उरलंसुरलं तेल काढलं, बोल्ट सुटले, चेंबर खाली आलं. हे टॉर्च लावून वर इंजिनात बघायला लागले आणि तसेच थांबले. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. त्या जाळीला काळंकुट्ट काहीतरी चिकटलं होतं. यांनी चिमटीत धरून ओढलं, तसं ते लांबतच गेलं. पुसल्यावर कडेला निळी वेल दिसली. आमच्या खोलीच्या जुन्या पडद्याची.

त्याच पडद्याची मी फडकी फाडली होती.

"गाडीत समोर तेलाचा लाल दिवा लागायचा तो गळतीमुळे नव्हता तर," हे अगदी हळू म्हणाले. "अजून बोटभर आत गेलं असतं, तर घाटात इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं. मागे विटांचं ओझं." मग भाऊजींकडे वळले. "दोन महिन्यांपूर्वी पॅकिंग बदललं, तेव्हा चेंबर कोणी चढवलं?"

"मीच."

"मग आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही. दुसरीकडे काम बघ."

भाऊजी पंधरा वर्षांचे होते तेव्हापासून ते याच गाडीखाली शिकले. ते एकेक पाना पुसून पिशवीत ठेवायला लागले, लहान आधी, मोठा नंतर, नेहमीसारखेच.

"एक फडकं कमी होतं," मी म्हणाले.

दोघे माझ्याकडे बघतच राहिले. सकाळच्या वेळी माझा आवाज त्या अंगणानं ऐकलाच नव्हता.

"वहिनी, अजून बारा वाजायचेत."

"वाजू देत. त्या दिवशी नऊच परत आली. मौन होतं म्हणून मी बोलले नाही. बारा वाजले तोवर हे गाडी घेऊन निघाले होते. म्हटलं, एवढ्याशा चिंधीसाठी कशाला फोन करायचा. पडद्याची दुसरी पट्टी फाडली आणि दहा पुरी केली." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "चढवलं भाऊजींनी, पण मोजणारी मी होते. काढायचं तर दोघांना काढा."

हे खाली पडलेल्या चेंबरकडे बघत राहिले. पेचकसाच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"गळलं म्हणून तरी उघडलं," एवढंच म्हणाले. मग पुन्हा गाडीखाली सरकले आणि हात बाहेर काढला. "तेराचा पाना दे."

कोणाला, ते सांगितलं नाही. भाऊजींनी पिशवीतून काढून दिला.

त्या पत्र्यावर वेल्डिंग धरणार नव्हतं. भाऊजी भंगारवाल्याकडून दुसरं चेंबर घेऊन आले, धुतलं, नवं पॅकिंग बसवलं. ते वर लावण्याआधी मी हात पुढे केला. फडकी मोजली. नऊ.

भाऊजींनी खिसे चाचपले आणि मागच्या खिशातून दहावं निघालं. माझ्या हातात ते पडल्यावरच यांनी पहिला बोल्ट लावला.