रविवारची वाफ

मी तळघरातला ड्रायर बोलतोय. वर स्वयंपाकघरातल्या फ्रिजला लोक येता-जाता भेटतात, माझ्याकडे कामाशिवाय कुणी फिरकत नाही. आणि मोजा हरवला की नाव माझंच. या घरातला एकही मोजा मी खाल्लेला नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं बोलता येईल.

ओंटारिओतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून ट्रकनं मॅनिटोबातल्या या लहानशा गावात, मेनोनाइट नावाच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत आलो आणि दुकानाच्या काचेआड उभा राहिलो. एक दिवस डेल्मर रायमर आणि त्याची बायको एल्व्हिरा आत आले. तिच्या कडेवर एक पोर होतं आणि पोटात दुसरं.

"ओल्या लंगोटांची टोपली घेऊन मी आणखी एक हिवाळा बाहेर जाणार नाही," एल्व्हिरा म्हणाली. "दोरीवरून काढावेत तर पुठ्ठ्यासारखे उभे राहतात."

डेल्मरनं माझं दार उघडलं, गाय विकत घेताना तोंडात बघतात तसं आत बघितलं आणि म्हणाला, "घेऊ."

शेजारच्याच घरात डेल्मरची आई राहायची, अगाथा. पहिल्याच दिवशी ती मला बघायला तळघरात उतरली. कंबरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरली, मग साबणाचा जड डबा फळीवर ठेवायला उचलला.

"आम्ही सहा पोरांचे लंगोट वाऱ्यावर वाळवले," ती म्हणाली. "बोटं गोठायची, पण मेलो नाही."

"तुम्ही कुठे मेलात आई, बोटं मेली तुमची," एल्व्हिरा म्हणाली. "अजून सुई धरताना दुखतात. द्या इकडे तो जड डबा."

अगाथा हसली. त्या दोघींचं चांगलं जमायचं. हे आत्ताच सांगतो, कारण नंतरचं ऐकून तुम्हाला ती म्हातारी वाईट वाटेल. तशी ती नव्हती.

माझ्या पाठीतून निघालेला पाईप भिंतीतून बाहेर जातो. उन्हाळ्यात त्याचं काही नाही. पण हिवाळ्यात बाहेर सगळं गोठलेलं असताना मी सुरू झालो की भिंतीतून पांढरी वाफ निघते आणि रस्त्यापर्यंत दिसते. अगाथाच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या भिंतीसमोर होती.

एल्व्हिराला पुढे चार मुलं झाली. सकाळी ती गावच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. दुपारी मुलं शाळेतून यायची. शिवणमंडळाच्या गोधड्या तिच्याकडे, चर्चमध्ये उपासना चालू असताना तान्ह्या पोरांना सांभाळणं तिच्याकडे. गावात कुणी आजारी पडलं की भांडंभर नूडल्स ओव्हनमध्ये भाजून पोचवायचे तेही तिच्याचकडे. 'एल्व्हिराला सांगा' हे त्या चर्चमधलं सगळ्यात सोपं वाक्य होतं. देवाच्या घरची इतकी कामं करता करता देवाचं पुस्तक उघडायला मात्र तिला वेळ मिळत नसे.

तिचं बायबल काळ्या कातडी बांधणीचं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या वडिलांनी दिलेलं. लग्नाआधी ती ते रोज वाचायची म्हणे. इथे आल्यावर तिनं नाना उपाय केले. न्याहारीनंतर टेबलावर वाचून बघितलं, तर पानांवर ओटची लापशी सांडली. न्हाणीघरात कडी लावून बसली, तर दाराखालच्या फटीतून इवली बोटं आत आली आणि बाहेरून प्रश्न सुरू झाले. गाडीत बसून वाचलं, तर कुणीतरी काचेवर टकटक करून विचारलं, "बरी आहेस ना?"

मला आपलं तळघरातून एक दिसतं. हातात पुस्तक असलेली आई घरातल्या सगळ्यांना रिकामी वाटते. ड्रायरजवळ उभी असलेली आई कामात असते.

हे एल्व्हिराला कळलं ते अचानक. एका रविवारी जेवणानंतर धाकट्यानं दूध सांडलं. तिनं ते एका हिरव्या टॉवेलनं पुसलं, टॉवेल पिळला आणि आमच्या लोकांत रविवारी कपडे धूत नाहीत हे विसरून, सवयीनं माझ्यात टाकून बटण फिरवलं. मी घरघरू लागलो. ती पालथ्या बादलीवर टेकली, माझ्या कोमट अंगाला पाठ लावून. वरून हाक आली नाही. आली असेल तर माझ्या आवाजात तिला ऐकू आली नाही. ती तशीच बसून राहिली, आणि मग मला कळलं की ती रडतेय. दुःखानं नव्हे, नुसतं बसायला मिळालं म्हणून.

पुढच्या रविवारी येताना तिनं ॲप्रनखालून बायबल आणलं.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. रविवारी डेल्मर जेवून आडवा व्हायचा. चार वाजायच्या सुमारास फास्पा असायचा, म्हणजे न सांगता दारात उभे राहणारे पाहुणे, आणि त्यांच्यापुढे त्स्वीबाक नावाचे दुमजली पाव, थंड हॅम, चीज, काकडीचं लोणचं आणि कॉफी. त्या दोन्हींच्या मधला वेळ आमचा. ती तोच हिरवा टॉवेल नळाखाली भिजवायची, पिळायची, माझ्यात टाकायची. एवढ्याशा ओझ्यासाठी मला पूर्ण खेप फिरावं लागे. दुसऱ्या कुणासाठी मी कुरकुर केली असती.

ती ओठ हलवत वाचायची. कधी एकाच ओळीवर पेन्सिल ठेवून बसायची. कधी दोन ओळी झाल्या की झोपायची, गाल माझ्या पत्र्याला लावून. तिचं वाचन फार पुढे जायचं असं नाही, पण बादलीवरून उठताना तिचा चेहरा निवळलेला असायचा. मुलांवर ओरडायची तीही हलक्या आवाजात.

माझा आवाज थांबला की पाईपातून बाहेरचं बोलणं ऐकू येतं. असंच एका जानेवारीत मी नुकताच थांबलो होतो, अंगातली वाफ अजून जात होती. बाहेर बर्फावर बुटांचा चरचर आवाज झाला आणि अगाथाचा आवाज आला. एल्व्हिरा बाजूच्या दारात पाहुण्यांची वाट बघत उभी असावी.

"तुझ्या घराला रविवारी घाम फुटतो वाटतं."

एल्व्हिरानं मागचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, एकदा झालं असेल. पोर आजारी असेल. पण गेला आख्खा महिना बघतेय मी. सहा दिवस पुरत नाहीत तुला? सारा गाव रस्त्यावरून फास्पाला जातो आणि माझ्या मुलाच्या घरातून प्रभूच्या दिवशी धुण्याची वाफ."

मी म्हटलं, सांग. एकदाच सांग, की आत एकच टॉवेल आहे.

"चूक झाली, आई," एल्व्हिरा म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

अगाथानं त्स्वीबाकची परात तिच्या हातात दिली आणि आल्या पावली परत गेली. त्या दिवशी ती फास्पाला बसली नाही, त्यानंतरही कधी आली नाही.

डेल्मर दुसऱ्या दिवशी खाली आला. "सांगत का नाहीस तिला खरं?"

"काय सांगू? देवाचं पुस्तक वाचायला मशीन खोटं खोटं फिरवते म्हणून?" एल्व्हिरा कपड्यांच्या घड्या करत होती. "त्या म्हणतील, वर बसून वाच की, आम्ही वरच बसून वाचलं. मग मी वर बसेन. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर पोर, आणि तू विचारशील, माझा निळा शर्ट कुठंय."

"मी सांगू का?"

"नको. बोलून दाखवली की ती वेळ माझी राहणार नाही. आणि डेल्मर, खोटं तर होतंच ना ते."

डेल्मरनं घड्यांचा ढीग चाळला. मग म्हणाला, "निळा शर्ट खरंच कुठंय?" ती हसली. मला हसू आलं नाही.

गोष्ट शिवणमंडळात पोचलीच. रविवारच्या शाळेत मोठ्या मुलींना बायबल शिकवायला त्या वसंतात एल्व्हिराला विचारणार होते. विचारलं दुसरीला. एल्व्हिरानं त्या दुसरीच्या घरीही नूडल्स पोचवले, तिला बाळ झालं तेव्हा.

रविवारी मी थंड राहू लागलो. बायबल माझ्या वरच्या फळीवर, साबणाच्या डब्यामागे राहिलं. सुरुवातीला ती दुसरी वेळ शोधत होती. सोमवारी खऱ्या कपड्यांबरोबर वाचायचा प्रयत्न करायची, पण सोमवारी खेपेवर खेप असते आणि घड्या घालणारे हात पान उलटू शकत नाहीत. मग तिनं शोधणं सोडलं. पुस्तकातली लाल फीत जिथे होती तिथेच राहिली. "मुलं मोठी झाली की," असं ती एकदा स्वतःशीच म्हणाली. मुलं मोठी व्हायच्या आत ती आजारी पडली.

विनिपेगच्या इस्पितळात तिला नेलं ते पानगळीच्या दिवसांत. डेल्मर कपडे लावायला खाली यायचा आणि भलतंच बटण फिरवायचा. एकदा त्याच्याबरोबर थोरली ट्रूडी होती.

"आईला तिचं पुस्तक नेऊ या?" तिनं विचारलं.

"आता वेळच वेळ आहे ग तिला," तो म्हणाला, "पण अक्षरं दिसत नाहीत म्हणते. औषधानं सगळं हलतं."

अगाथाही एकदा भेटून आली. त्स्वीबाक घेऊन गेली होती. दोघी हवेबद्दल बोलल्या. एल्व्हिरा पहिल्या मोठ्या बर्फात गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात झालेल्या जेवणाला सगळ्या गावानं भरली भांडी आणली, आणि सगळ्यांना एकच अडचण पडली. असल्या वेळी कुणाला सांगायचं, तर एल्व्हिराला, ही सवय मोडायची कशी?

मग अगाथा घर सांभाळायला येऊ लागली. वाऱ्यावर कपडे वाळवणारी ती बाई गुपचूप माझ्यापुढे उभी राहिली. एका शनिवारी ती माझ्या वरची फळी आवरत होती. खिळ्याला अडकलेला हिरवा टॉवेल तिनं काढला आणि कपड्यांच्या ढिगात टाकला. ट्रूडी पायरीवर बसून मोजे जुळवत होती.

"तो नको धुवूस, आजी. तो कपड्यांतला नाही. आईचा वाचायचा टॉवेल आहे."

"वाचायचा टॉवेल?"

"तो एकटाच ओला करून टाकायची ना ती यात. आवाजासाठी. मग इथे बसून बायबल वाचायची. आम्ही वर गप्प बसायचो. मी बाकीच्यांना पायरीवर अडवून धरायचे."

अगाथाचा हात ढिगावर तसाच राहिला. "रविवारी?"

"रविवारीच. बाकीच्या दिवशी खरे कपडे असायचे."

अगाथानं साबणाचा डबा सरकवला. बायबल तिथे होतं, वरच्या कडेला साबणाची पांढरी भुकटी. तिनं ती ॲप्रनच्या टोकानं पुसली. मग बादलीवर बसली. बादली पालथी का आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. ट्रूडीला नाही, मला. "माझी खिडकी समोर होती. मी नुसती बघत राहिले. दार ठोठावलं असतं तर चार पावलांवर होती ती." आणि ती रडली, म्हाताऱ्या माणसांसारखी, आवाज न करता, फार वेळ. ट्रूडी मोजे खाली ठेवून तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च झालं, जेवण झालं. अगाथा खाली उतरली, दुखऱ्या बोटांनी हिरवा टॉवेल भिजवला, पिळला आणि माझ्यात टाकला. तिनं बटण फिरवलं, आणि मी इतक्या दिवसांनी रविवारी घरघरलो.

डेल्मर धावत पायऱ्यांवर आला. "आई, आज रविवार आहे."

"ठाऊक आहे."

"बाहेर वाफ दिसतेय. लोक फास्पाला निघालेत."

"दिसू दे," अगाथा म्हणाली, आणि लाल फीत होती तिथून पुढे वाचू लागली.

ती जिवंत होती तोवर हिवाळ्यातला एकही रविवार चुकला नाही. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. तिनं कुणालाही उत्तर दिलं नाही, एल्व्हिरानं दिलं नव्हतं म्हणून असेल.

आता घर ट्रूडीचं आहे. तिची पोरं वर धावतात, ती दिवसभर दुसऱ्यांची दुखणी बघून दवाखान्यातून घरी येते. अगाथाच्या खिडकीत परक्या माणसांचे पडदे आहेत. माझा पट्टा झिजलाय, फिरताना मी किंचाळतो. उद्या माणसं मला न्यायला येणार, नवीन येतोय, तो अजिबात आवाज करत नाही म्हणतात. बायबल फळीवर आहे, फीत अगाथानं सोडली तिथे. बादलीवर रंगाचे डबे रचलेत.

आज रविवार. सकाळपासून माझी ही तिसरी खेप. भिंतीतून वाफ जातेय, रस्त्यावरून गाड्या जातायत, पण आता ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कुणाला काही वाटत नाही, ते एक बरंच झालं. पण ट्रूडी, आता माझ्यात रविवारीही खरेच कपडे असतात.

हिरवा टॉवेल अजून खिळ्याला आहे. मला नेण्याआधी एकदा तो एकटाच टाक. मी जमेल तेवढा मोठ्यानं वाजेन.