कोयत्याच्या आतली नावं

शहागडजवळच्या उसाच्या फडात माणसं मोजायची रीतच न्यारी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा. इंद्रायणी याच मोजणीत लहानाची मोठी झाली. पुढं शिकून संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला लागली, तरी ती मोजणी काही डोक्यातून गेली नाही.

उद्या फडावर डॉक्टरांची गाडी येणार होती. ज्याच्या नावाचं कार्ड, त्याचीच तपासणी. इंद्रायणीच्या आईच्या, चतुराबाईच्या छातीत गाठ होती आणि ती दिवाळीपासून ‘कारखाना बंद झाल्यावर बघू’ म्हणत होती. म्हणून इंद्रायणीनं सुट्टी काढून, पाचटाच्या झोपड्यांत, कोपीकोपीत फिरून सगळ्यांची माहिती लॅपटॉपमध्ये भरली होती. यादीत टोळ्या, टोळीत कोयते, कोयत्यात माणसं, असे डब्यात डबे.

दुपारी तिनं कार्डांसाठी नावं काढली. झाडून सगळी बाप्यांची! आईचं नाव कुठंच नाही.

“तुह्या बापाचं निघालं ना?” भाकरी थापता थापता चतुराबाई म्हणाली. “मंग माझं त्यातच आलं. कोयता तर एकच हाय.”

इंद्रायणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक कोयत्याला तिनंच पुरुषाचं नाव दिलं होतं, आणि प्रोग्रॅम ते नाव उचलून दारातूनच माघारी फिरत होता. संगणक बिचारा आज्ञाधारक; सांगाल तेवढीच दारं उघडतो. तिनं आणखी एक दार सांगितलं. कोयत्याच्या आत शिर, तिथल्या एकेका माणसाचं नाव घेऊन ये.

आणि नावं यायला लागली. कचरू, नंदाबाई. रामकिसन, बेबीनंदा. गोरक्षनाथ, रेणुका. ती मोठ्यानं वाचत गेली तशा कोप्यांतून बाया बाहेर आल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत भोवती उभ्या राहिल्या. थांबतायत कुठली नावं! एवढी माणसं आजवर इथंच होती आणि त्यांच्यापर्यंत पोचायला फक्त एक पायरी आत उतरायचं होतं. इंद्रायणीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“रायभान, चतुराबाई.”

“पुन्यांदा वाच,” आई म्हणाली.

इंद्रायणीनं पुन्हा वाचलं. तव्यावरची भाकरी करपली तरी चतुराबाई त्या पडद्याकडेच बघत होती. मग पिठाचे हात पदराला पुसून ती नवऱ्याकडे वळली.

“आवं, मुकादमाला सांगून ठिवा. उद्या आपला अर्धाच कोयता हाय.”

रायभान बघतच राहिला. “का गं?”

“माझं नाव निघालंय.”