नवसाबाईंच्या नावावरची पैठणी

येवल्याच्या एका विणकर सोसायटीत प्रत्येक पैठणीची नोंद फोटोसकट ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून खोडता न येणाऱ्या संगणकी वहीत, व्हायची. ते सॉफ्टवेअर सांभाळायचं काम उज्वलाकडं होतं. तिचं ऑफिस नाशिकला, द्वारका चौकाजवळ. महिन्यातून एकदा ती एसटीनं येवल्याला यायची.

अशीच एकदा आली असताना नवसाबाई आल्या. त्यांचे मालक, सोसायटीतले विणकर गोटीराम, होळीच्या आधी वारले होते.

"ताई, त्यांची शेवटची पैठणी, हिरवी, पोपटाची. फोटो तरी बघू द्या एकदा."

"नंबर आठवतो का मावशी?"

"नंबर कुठला ठाऊक असायला."

नंबर नसला की सॉफ्टवेअर पहिल्यापासून एकेक नोंद उघडत बसायचं. अर्ध्या तासानं कॉम्प्युटर अडकलाच. "राहू द्या," म्हणून नवसाबाई उठल्या. दाराशी थांबून त्यांनी पदरानं डोळे टिपले, ते उज्वलानं पाहिलं.

ऑफिसात तिचा सहकारी हर्षल म्हणाला, "नव्या आवृत्तीत इंडेक्स आहे की. अपग्रेड करायला सांग त्यांना."

"त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चालतच नाही. जुन्यातच इंडेक्स घालते."

"त्या कोडला आता कोण हात लावतं?"

"मी लावते."

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. मूळ नोंदींना धक्का न लावता, कुठलं नाव कुठं आहे एवढंच सांगणारी. पण नवं कोड जुन्यात बसेना. तीन आठवडे ती एकेक तुकडा जुळवत राहिली. बसलं, तर फक्त ताज्या नोंदी सापडायला लागल्या. तिचा पडलेला चेहरा बघून हर्षल खुर्ची ओढून शेजारी बसला. "जुन्या नोंदी नव्या कोडनं वाचल्याच नाहीत. अगदी पहिल्या नोंदीपासून पुन्हा वाचायला लाव." आणि ते जमलं.

पुढच्या खेपेला येवल्यात नवसाबाईंसमोर तिनं गोटीरामांचं नाव टाकलं. क्षणात यादी आली. पण हिरवी पैठणी तिच्यात नव्हती.

"तुमच्या नावानं बघू का?"

"माझं नाव कशाला असंल? मी आपली मागासाठी धाग्याच्या कांड्या भरणारी."

उज्वलानं तरी टाकलं. एकच नोंद आली. हिरवी पैठणी, पदरावर पोपटांची जोडी. खाली शेरा होता, तो तिनं वाचून दाखवला: "माझा हात चालत नव्हता. पदर सगळा बायकोनं विणला. नाव तिचंच लावा. गोटीराम."

नवसाबाईंनी पडद्यावरच्या पोपटांवरून बोट फिरवलं.

"मला बोलले नाय कधी," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा वाचा बरं."

उज्वलानं पुन्हा वाचलं. मग फोटो छापून दिला.

त्या दिवशी जेवू घातल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही. पिठल्यात भाकरी कुस्करता कुस्करता त्या गोटीरामांबद्दलच बोलत होत्या. ते मागावर बसून गुणगुणायचे ते, चहात साखर लय घ्यायचे ते. उज्वलाची चारची एसटी चुकली. तिनं घड्याळाकडं बघितलंही नाही.