ती उभी का आहे?

“घशातून, सिस्टर. जिभेनं नाही,” सर म्हणाले. “डॉक्टर टॉर्च घेऊन घसा बघतात तेव्हा माणूस कसा आवाज काढतो, तसा.”

“तो आवाज मी तीस वर्षं ऐकतेय, सर. काढायची पाळी आत्ता आली.”

वर्गातले तिघे हसले. तिघेही पंचविशीच्या आतबाहेरचे, परदेशी नोकरीसाठी अरबी शिकायला आलेले. लाँड्रीच्या माडीवरच्या त्या खोलीत छप्पन वर्षांची विद्यार्थिनी सिस्टर एकटीच. सर निवृत्त दुभाषे होते. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला का शिकायचंय म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “एका पेशंटसाठी. ते काय बोलतात ते कळायला हवंय.”

पेशंट म्हणजे सात नंबरच्या कॉटवरचे आजोबा. आयुष्यभर जहाजांवर स्वयंपाकी म्हणून राबलेले. चार देशांच्या भाषा बोलायचे म्हणे, पण मेंदूला झटका आला आणि लहानपणची अरबी तेवढी शिल्लक राहिली. मागेपुढे कोणी नाही. दिवसभर ते छताकडे बघत पडून असत. दुपारचे चार वाजले आणि सिस्टर अंग पुसायला स्पंजिंगचं भांडं घेऊन कॉटपाशी आली, की मात्र धडपडत कोपरावर उठत आणि तिच्या डाव्या खांद्यामागे बघत ओरडायला लागत. रोज तेच शब्द. वॉर्ड हादरून जाई. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं झोपेचं इंजेक्शन, आणि मग ते दुसऱ्या सकाळपर्यंत निपचित. जेवण तसंच परत जाई. महिन्यात सहा किलो वजन उतरलं होतं.

हॉस्पिटलने एकदा सरांनाच बोलावलं होतं, पण ते आले सकाळी अकराला. आजोबांनी चकार शब्द काढला नाही. सिस्टरने फोनवर आवाज टिपायचा प्रयत्न केला, तर फोन दिसताच ते ओठ घट्ट मिटून घेत. तिची आणि सरांची ओळख मात्र त्यामुळे झाली.

घरी तिचा सराव चाले. पोळ्या लाटताना ती घशातून त्या अक्षराचा आवाज काढू लागली, की नवरा पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरात येई.

“अगं, ठसका लागलाय का?”

“अभ्यास करतेय.”

“बरं बरं. निदान भांडताना तरी आपली भाषा वापर. मला उत्तर देता आलं पाहिजे.”

दुसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर वाक्यं लिहिली. मन हुवा, तो कोण? मन हिया, ती कोण? सिस्टरची पेन्सिल थांबली. आजोबांच्या ओरडण्याची सुरुवात अशीच होती. “मिनू हिय्या?”

“सर, मिनू हिय्या म्हणजे?”

“तेच. ती कोण? ही घरची बोली झाली, पुस्तकातली नव्हे. तुमचे पेशंट म्हणतात?”

तिने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबा उठले, ओरडले, आणि तिने मागे वळून पाहिलं. भिंत. भिंतीवर ऑक्सिजनच्या नळीची खुंटी. शिकाऊ नर्स दूर पलीकडच्या खिडकीपाशी होती. सिस्टरने तिच्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी वैतागून मान हलवली. ती नाही. ही.

मग तिने एक केलं. भांडं हातात घेऊनच ती कॉटच्या दुसऱ्या बाजूला गेली. आजोबांची नजरही फिरली, पण तिच्याबरोबर नाही. दोन पावलं मागून. कोणी तिच्या पाठोपाठ चालत गेल्यासारखी.

तिने भांडं तसंच खाली ठेवलं. मेट्रनला ती काही बोलली नाही. तीस वर्षांच्या नोकरीत असलं बोलणाऱ्या नर्सेस तिने पाहिल्या होत्या. त्यांची बदली पुढे रेकॉर्ड-रूमला होत असे.

सर्दीतापाने ती तीन दिवस रजेवर होती. परत आली तेव्हा शिकाऊ नर्स खुशीत सांगू लागली, “सिस्टर, तुम्ही नव्हता ना, तर आजोबांना इंजेक्शन लागलंच नाही बघा. चार वाजता मी स्पंजिंग केलं. शांत पडून होते. वरणभातसुद्धा खाल्ला.”

“एकदाही ओरडले नाहीत?”

“दाराकडे मात्र बघत होते. तुमची सवय झालीय त्यांना.”

त्या संध्याकाळी सिस्टरने, आता कुठे सुटे ऐकू येऊ लागलेले, उरलेले शब्द मराठी अक्षरांत कागदावर उतरवून सरांपुढे ठेवले. सरांनी चष्मा वर केला. “लेश वागफा म्हणजे उभी का आहे? आणि ख़ल्लीहा तुगउद, तिला बसू द्या. हे कोणाबद्दल?”

“माझ्याबद्दलच. मला बसा म्हणत असतील.”

“छे. तुम्हाला म्हणायचं तर क्रियापद वेगळं झालं असतं. हे तिसऱ्याच बाईबद्दल आहे.”

दुसऱ्या दिवशी चारला तिने ड्रेसिंग-रूममधलं लोखंडी स्टूल आणलं आणि आपल्या डाव्या बाजूला, जरा मागे ठेवलं. आजोबा कोपरावर उठले होते. तोंड उघडलं होतं. त्यांची नजर सावकाश खाली आली, समोरचं माणूस खाली बसताना येते तशी, आणि स्टुलाच्या वर हातभर उंचीवर थांबली. मग त्यांनी उशीवर डोकं टेकलं. सिस्टरने त्यांचं अंग पुसलं. मान एकदाही वळवली नाही.

इंजेक्शन बंद झालं. आजोबा दोन्ही वेळा जेवू लागले. डॉक्टर राउंडला म्हणाले, “काय जादू केलीत?” ती म्हणाली, “स्टूल ठेवलं.” त्यांना तो विनोद वाटला.

पंधरवड्यानंतर आजोबा आपणहून बोलले, हळू आवाजात, स्टुलाकडे हनुवटी करून. तिने तळहातावर लिहून घेतलं. बीदहा कुंदरा ज़्ग़य्यरा.

सर वाचून म्हणाले, “तिच्या हातात छोटा बूट आहे. लहान मुलाचा असेल. सिस्टर? काय झालं? पाणी देऊ का?”

नोकरीच्या पहिल्या वर्षी ती मुलांच्या वॉर्डात होती. भेटीची वेळ चार ते सहा. शिस्तीच्या बाबतीत ती तेव्हा फार कडक. एक बाई भर बारा वाजता आली. मुलाला घाईत आणताना एका पायातला बूट घरीच राहिला होता, तो आणायला ती गेली होती. “चारच्या आधी कोणालाही आत सोडत नाही,” सिस्टर म्हणाली. “तिथे उभ्या राहा.” व्हरांड्यात बाक नव्हता. बाई दाराला लागून उभी राहिली. ना रडली, ना भांडली. तीन वाजून वीस मिनिटांनी मूल गेलं. डॉक्टरांचं लिहून होईपर्यंत चार वाजले, आणि सिस्टरने दार उघडलं. बूट हातात धरून बाईने विचारलं, “आता येऊ का?”

कोणी सिस्टरला बोल लावला नाही. नियम तिच्या बाजूने होता. तिने नवऱ्यालाही हे कधी सांगितलं नव्हतं. आता सरांनाही सांगितलं नाही. पाणी प्यायली आणि विचारलं, “ती काय मागतेय, तिला काय हवंय, हे कसं विचारायचं?”

“माज़ा तुरीद?”

रात्रभर आणि बसमध्येसुद्धा ती ते दोन शब्द घोकत राहिली. चार वाजता स्टूल ठेवलं, वाकली आणि आजोबांच्या कानाशी म्हणाली, “माज़ा तुरीद?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, थेट तिच्याकडे. मग स्टुलाकडे वळून काहीतरी पुटपुटले आणि वाट बघत राहिले. वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडच्या कॉटवर कोणी खोकलं. आजोबांनी समजल्यासारखी मान डोलवली आणि सिस्टरला एकच शब्द सांगितला. तिने तो लिहिला. ताबत.

“परत सांगा, आजोबा. परत.” पण परत म्हणा हे अरबीत तिला येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते.

पहाटे ते गेले. ती ड्युटीवर आली तेव्हा कॉटवर धुतलेली चादर होती.

वर्ग सुटल्यावर तिने तो कागद सरांपुढे ठेवला. लाँड्रीतल्या इस्त्रीची वाफ खिडकीतून वर येत होती.

“त पातळ होता की जाड?” सरांनी विचारलं. “आणि मध्ये घशातलं अक्षर होतं का?”

“काय फरक पडतो?”

“फार. घशातलं असेल तर, ती दमली. जाड त असेल तर बरी झाली, मन निवलं तिचं. आणि साधा पातळ त असेल, तर तिला पश्चात्ताप झाला.”

“तिला? तिला कशाचा?” सिस्टर जवळजवळ ओरडली. “तिनं काय केलं होतं?”

 तिने पदराने चेहरा पुसला.

“तिन्ही म्हणून दाखवा.”

त्यांनी म्हटले. तिने डोळे मिटून ऐकले. पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा ऐकले. प्रत्येक वेळी वाटे हाच, आणि पुढचा ऐकला की वाटे तो. नवशिक्या कानाला ते तिन्ही सारखेच होते.

“सर, माझं चुकलं, हे कसं म्हणतात?”

“अख़्तअतु.”

“बाईला म्हणायचं असेल तर? काही बदलावं लागतं का? तुमच्या भाषेत बाईमाणसासाठी सगळंच बदलतं.”

“नाही,” सर म्हणाले. “हे कोणालाही असंच म्हणतात.”

तिने तो शब्द वहीत उजवीकडून डावीकडे लिहिला. दोन-तीनदा पुटपुटला. मग बसल्या जागीच ती वळली आणि मागच्या रिकाम्या बाकांकडे बघत तो मोठ्याने म्हणाली.