कोरी फळी

शाळा सुटल्यावर मावशीच्या प्रयोगशाळेत बसायची चिमणीला परवानगी होती, फक्त तोंड बंद ठेवायचं. म्हणजे अर्धीच परवानगी झाली की!

आज मात्र तिचा जीव दोन मजले खाली, वॉर्डात, दादाच्या खाटेपाशी घुटमळत होता. सकाळीच त्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि मावशीनं सलाइनचं नवं खोकं तपासून होकार दिल्याशिवाय त्याला सलाइन लागणार नव्हतं.

"पूर्वी दोन दिवस ताटकळायला लागायचं," मावशी म्हणाली. "आता तासाभरात निकाल."

यंत्रात केसाहून बारीक दोन फळ्या थरथरत होत्या. दोघींना जिवाणूंचं खाणं माखलेलं. एकीवर तपासायचं सलाइन, दुसरीवर शुद्ध. ही दुसरी म्हणजे कोरी फळी. जिवाणू वाढले की फळी जड होते, थरथर मंदावते. यंत्र सांगतं तो दोघींमधला फरक.

फरक शून्य. हिरवा दिवा!

मावशीनं लगेच वॉर्डात फोन लावला. "लावा बिनधास्त."

दहा-पंधरा मिनिटं चिमणी कशीबशी गप्प बसली. मग "मावशी, दोघींच्या थरथरीच्या रेघा वेगवेगळ्या बघू?" विचारेपर्यंत तिचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

"आगाऊ कार्टी! हात लावू नकोस म्हटलं ना..."

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. दोन्ही खाली उतरत होत्या, अगदी जोडीनं.

"कोरी का उतरतेय गं?"

मावशी पडद्याशी वाकली. "शुद्ध सलाइन संपलं होतं," तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून कोरीसाठी त्याच खोक्यातली दुसरी पिशवी फोडली. सीलबंद होती. मला वाटलं, सीलबंद म्हणजे शुद्धच."

तिनं पुन्हा फोन लावला. वॉर्डात घंटी नुसतीच वाजत राहिली. चिमणी कुठली थांबतेय! दोन-दोन पायऱ्या उडवत ती खाली पोचली.

दादाच्या उशाशी पिशवी लटकत होती. थेंब एकामागून एक नळीत पडत होते. चिमणीनं नळीवरचं चाक गच्च आवळलं.

"ए, अगं ए, काय करतेस?" सिस्टर धावत आल्या.

"किती वेळ झाला लावून?"

"दहा मिनिटं. का गं?"

"नापास झालीस की काय चिमणे?" दादा हसला. "चेहरा बघ! बरं, ती चादर दे. गार वाटतंय."

तिनं दिली.

"अजून एक," दादा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.