केपुएलीचं पाणी गेलं कुठे

डॉक्टरांच्या अंदाजाने केपुएलीच्या अंगात दहा लिटर पाणी साचलं होतं. हृदय थकलं, पाय उशांसारखे फुगले, आडवं झालं की श्वास कोंडायचा. साठ वर्षं व्हावाऊ बेटाच्या समुद्रात जो बुडाला नाही, तो आता आपल्याच छातीत बुडायला निघाला होता. याची त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

इस्पितळात शिरेतून लघवी वाढवणारं इंजेक्शन सुरू झालं. प्यायला दिवसाला एकच लिटर पाणी, मगातून मोजून. वजनकाटा मोडला होता आणि त्याचा सुटा भाग राजधानीहून, नुकुआलोफाहून, बोटीने यायचा होता. तोवर डॉक्टरांचा सगळा भरवसा प्रत्येकाच्या खाटेखालच्या, नावाची पट्टी लावलेल्या लघवीच्या कॅनवर.

"रोज तीन लिटर उतरलं तर शुक्रवारी घरी," नर्स मेलेआने म्हणाली. "नाहीतर काका, रविवारही इथेच."

रविवारी नव्या चर्चचं उद्घाटन होतं. चर्चमधली गाणारी मंडळी तीस वर्षं केपुएलीच्या हातवाऱ्यांवर गात आली होती. तो नसेल तर मान लोपेतीचा. आणि लोपेती शेजारच्याच खाटेवर, तोच आजार, तेच इंजेक्शन, तसाच मग घेऊन. दोस्ती चाळीस वर्षांची. "आपली हृदयंही एकाच दुकानातली निघाली बघ," असं लोपेती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मंगळवारी केपुएली दिवसभर कॅनपाशी उठबस करत होता. तरी बुधवारी सकाळी त्याच्या कॅनमध्ये आठशे मिली, लोपेतीच्या कॅनमध्ये साडेतीन लिटर.

"तुझा पाणीपुरवठा सरकारी दिसतोय," लोपेती म्हणाला.

डॉक्टरांनी केपुएलीचा डोस दुप्पट केला. गुरुवारी आणखी वाढवला. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उभं राहिलं की भिंत फिरायची. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला स्वतःचे घोटे दिसले.

"लोपेती, पाय उतरले. मग पाणी गेलं कुठे?"

"घामात."

केपुएलीला पटलं. लोपेती सांगतोय म्हटल्यावर न पटायला काय झालं!

त्या दुपारी केपुएलीच्या बायकोने डबाबंद बीट आणलं. केपुएलीने सगळं संपवलं. लोपेतीला बीट बघूनच मळमळायचं. शुक्रवारी मेलेआनेने लोपेतीचा कॅन उचलला आणि ओरडली. आत गुलाबी. डॉक्टर धावत आले. रक्त असणार, मूत्राशय आतून बघायला हवं, म्हणाले.

"कसं बघणार?" लोपेतीने विचारलं.

"नळीने."

"नळी कुठून घालणार?"

मेलेआनेने सांगितलं. लोपेतीने तत्काळ गुन्हा कबूल केला. रात्री केपुएलीचा डोळा लागला की तो त्याच्या कॅनमधलं आपल्या कॅनमध्ये ओतायचा.

आमच्या बेटावर मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. केपुएली म्हणाला, "बोट मागितलीस, दिली. डुक्कर मागितलंस, दिलं. माझ्या छपराचे पत्रे मागितलेस, पावसाळ्यात दिले. हेही मागायचं होतंस! अर्धं दिलं असतं!"

"हे कसं मागणार रे? लाज वाटली."

"आणि ओतताना?"

लोपेती भिंतीकडे वळला.

घरी कुणीच गेलं नाही. नको तेवढ्या औषधाने केपुएलीच्या रक्तातले क्षार घसरले होते, म्हणून त्याच्या छातीला तारा जोडल्या. लोपेतीच्या अंगातलं पाणी जिथल्या तिथे होतं, म्हणून दुप्पट डोस आता त्याला.

रविवारी वॉर्डातल्या रेडिओवर उद्घाटन लागलं. हातवारे करायला पाद्र्याचा जावई उभा होता. दुसऱ्या स्तोत्रात जाड आवाजवाले पुरी एक ओळ आधी घुसले. दोन्ही खाटांवर एकाच क्षणी दोन चेहरे वाकडे झाले. सवयीने केपुएली लोपेतीकडे बघायला वळला, आणि अर्ध्यातच मान थांबवली.

लोपेतीचा मग सकाळी नऊलाच रिकामा झाला होता. जीभ टाळूला चिकटलेली. "केपु," तो म्हणाला, "तुझ्या मगातला एक घोट दे ना."

अख्खा वॉर्ड ऐकत होता.

"नाही," केपुएली म्हणाला.

साठ वर्षांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता. कुठे ठेवला होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"शाब्बास काका," मेलेआने म्हणाली. "इथे पथ्य पाळणारे तुम्ही एकटेच."

केपुएलीने उरलेला घोट घेतला, आणि स्तोत्र संपेपर्यंत तोंडातच ठेवला.